दुपारी बाबांचा कीबोर्ड कोणी वाजवला?

मंडळी, तास होऊन गेला, पण माझं मन अजून थाऱ्यावर नाही.

बाबांचा कीबोर्ड मी तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला जोडून ठेवलाय. कोणी वाजवलं की सूर आपोआप रेकॉर्ड होतात आणि बटण दाबलं की कीबोर्ड ते स्वतःच परत वाजवतो. बाबा गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

आज ऑफिसातून आले, तर नवीन रेकॉर्डिंग दिसलं. घरी एकटी आई, आणि तिला वाजवता येत नाही. मी बटण दाबलं. बाबांची भैरवी होती ती, त्यांच्यासारखीच मधे अडखळणारी.

आई स्वयंपाकघरातून आली. "पुन्हा बसले का हे? दुपारभर वाजवत होते."

तेवढ्यात शेजारच्या भाभी दारात आल्या. "आज तो अम्माजी खिड़की में बैठी खूब बजा रही थीं."

आई गोंधळली. "मी कुठे गं? मी तर ऐकत होते."

मी तिचा हात धरला. तिची बोटं माझ्या हातावर तीच भैरवी वाजवत होती.

उद्या तिला डॉक्टरांकडे नेतेय. पण ते रेकॉर्डिंग ठेवू की पुसू? तुम्ही काय केलं असतं?