लवंगीच्या गोळ्या

माझ्या भाचीला आम्ही लवंगी म्हणतो. वय पंधरा, अंगानं एवढीशी आणि राग कायम नाकावर. लहानपणी अशी नव्हती. गेल्या वर्षभरात काय बिनसलं कुणास ठाऊक, साधं विचारलं तरी अंगावर येते. मी सगळ्यांना सांगायचे, आत्यावर गेलीय. कौतुकानं सांगायचे, त्याचाच आता संताप येतो.

भाऊ परगावी बांधकामावर, येईल तेव्हा खरा. वहिनी दोन ठिकाणी साफसफाईला जाते, ती परतेपर्यंत पोरं झोपलेली. संध्याकाळचं रांधणं, वाढणं सगळं लवंगीकडे. आमच्या आईनं घालून दिलेली रीत अशी, की वाढणारीनं शेवटी बसायचं. धाकट्या दोघांचं झालं की मग हिचं.

शाळेतून बोलावणं आलं तेव्हा वहिनीला रजा मिळेना, म्हणून मी गेले. मी लाँड्रीत इस्त्री करते, मला तरी कोण रजा देतंय, पण मालकाशी भांडून गेले. बाईंनी पाढा वाचला. वर्गात बाकावर डोकं टेकून झोपते. मैदानावर चक्कर येऊन पडली. परवा एका मुलीनं बिचारीनं डब्यातलं उरलेलं हिच्यापुढे केलं, तर हिनं डबाच उडवला. पुन्हा तक्रार आली तर नाव काढू म्हणाल्या. मी आवाज खाली आणला, आणि ते मला फार जड जातं. डॉक्टरला दाखवते, सुधारेल, असा शब्द देऊन आले.

डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली. रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. रोज एक, जेवणानंतर. उपाशीपोटी घेतलीस तर मळमळेल, हे तिला दोनदा बजावलं. लवंगीनं मान डोलावली आणि मी निर्धास्त झाले.

आणि आठच दिवसांत, आज परत बोलावणं. बाईंनी झोपेतून उठवलं म्हणून त्यांनाच उलट बोलली. उद्या तिच्या आईला घेऊन या, नावाचं काय ते ठरवू.

कामावरून तशीच तणतणत भावाच्या घरी गेले. धाकटी दोघं जेवत होती. ही उभी राहून वाढत होती, पातेल्यात डाव खडखडत होता.

"ताई, तुला उरलंय ना?" धाकट्यानं विचारलं.

"ऐकू येत नाही का? भरपूर आहे," ती खेकसली.

मी फळीवरचं गोळ्यांचं पाकीट काढलं. दोनच फोडलेल्या, बाकी जशाच्या तशा. माझं डोकंच फिरलं.

"नाव काढताहेत तुझं, कळतंय का? तुझ्यापायी मी तिथं मान खाली घातली, आणि तुला एक गोळी गिळवत नाही?"

मला वाटलं आता भडकेल. भडकली असती तर बरं झालं असतं.

"जेवणानंतर घ्यायची म्हणाले ना ते," ती हळूच म्हणाली.

"मग?"

"मग काय आत्या."

मी पातेल्यात पाहिलं. भाताचं शीतही नव्हतं. रिकाम्या पातेल्यात डाव वाजवत होती ही, धाकट्यांच्या घशाखाली घास उतरावा म्हणून.

"अगं, मग या दोन कशा घेतल्यास?"

"ते दोन दिवस उरलं होतं."

जखम मांडीला आणि मलम शेंडीला. डॉक्टरांनी पापणी पाहिली, बाईंनी झोप पाहिली, मी तिचा राग पाहिला. पातेलं कुणी पाहिलं नाही. चिडायचं तरी कुणावर? वहिनीवर? ती बिचारी तरी कुठून आणणार? चिडले मात्र, सगळ्यांवरच.

कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणि अंडी आणली. करून तिच्यापुढे ठेवली. तिनं सवयीनं तीन वाटे करायला घेतले, तेव्हा मी तिचा हात धरला.

"एकटीनं खा. मी इथून हलत नाही."

उद्या वहिनीबरोबर मीही शाळेत जाणार आहे, आणि या खेपेला आवाज खाली आणणार नाही. लवंगीनं ताट पुसून खाल्लं. मग हात धुतले, पाकीट घेतलं आणि कुणी न सांगता एक गोळी फोडली.