चालवत न्यायची अट

हिंदुराव गेल्याचं आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सात वाजता आलं आणि माझा विश्वास बसला नाही. त्याचं कारण दुःख नव्हतं. या ग्रुपनं याआधी दोन जिवंत माणसांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिलेली आहे. त्यातल्या एकानं तर हात जोडल्याचं चित्र टाकून सगळ्यांचे आभारही मानले होते. म्हणून मी चहा बाजूला ठेवला आणि सरळ हिंदुरावालाच फोन लावला. तो उचलेल आणि "काय पोथी, झोप येत न्हाय व्हय?" असं काहीतरी म्हणेल, याची मला खात्री होती. फोन त्याच्या मुलीनं, सुजातानं उचलला. "काका..." एवढंच म्हणाली.

त्याला आता दीड महिना झाला. मध्यंतरी त्याच्या जुन्या घराजवळच्या चौकात एक फलक लागला होता. श्रद्धांजली वाहणाऱ्या अकरा जणांचे हसरे फोटो आणि वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, हिंदुराव. खाली 'सायकलप्रेमी, आधारवड' असं लिहिलेलं. सायकलप्रेमी ठीक आहे. आधारवड वाचून त्यानं शिडी मागवली असती आणि स्वतः वर चढून फलक उतरवला असता. त्या फलकावर नसलेली एक गोष्ट मला सांगायची आहे. तीत माझी बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही सहावीपासूनचे. मी पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढला, म्हणून तो मला पोथी म्हणायचा. तो फाउंड्रीत पॅटर्नमेकर होता, म्हणजे लोखंड ज्या आकारात ओतायचं तो आकार आधी लाकडात घडवणारा माणूस. तिथं केसभर चूक झाली की पुढचे सगळे नग चुकतात. त्यामुळे दुसऱ्याच्या मापावर विश्वास न ठेवणं हा त्याच्या नोकरीचाच भाग होता आणि निवृत्तीनंतरही ती नोकरी सुटली नाही. दूधवाल्याचा लिटर, डॉक्टरांचं निदान, पेपरातलं हवामान... सगळ्याला तो मनातल्या मनात पट्टी लावून बघायचा. खोटं पकडण्यात पटाईत असलेल्या या माणसाला स्वतःला मात्र खोटं बोलता यायचं नाही. प्रयत्न केला की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. म्हणून पत्ते खेळायला त्याला कुणी घ्यायचं नाही.

कळंब्याला त्याच्या घरामागं पत्र्याची लांबट शेड होती. तिच्यात एक लेथ, एक जुनी व्हाइस, भिंतीवर आकारानं लावलेले पाने आणि एकोणीस सायकली. बहुतेक इंग्रजी बनावटीच्या, रॉडब्रेकवाल्या. कुणा डॉक्टरची, कुणा पोस्टमनची, एक मिशनच्या नर्सबाईंची. कुणी 'तुमचा संग्रह' म्हटलं की तो उसळायचा. "संग्रह ह्या पोथीच्या लायब्रीत. हितं सायकली हायत." याचा अर्थ, त्या चालायच्या. दर रविवारी एक बाहेर काढायची, गावातून फिरवून आणायची. प्रत्येकीची पाळी एकोणीस आठवड्यांनी यायची आणि ती कधी चुकली नाही.

मग वहिनी गेल्या. पुढच्या वर्षी तो दोनदा चक्कर येऊन पडला, दुसऱ्यांदा लेथच्या शेजारीच. सुजातानं पुण्याहून येऊन निर्णय दिला. घर विकायचं आणि बाबांनी तिच्याकडं राहायला यायचं. तिचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. तिथं एक सायकल ठेवायलाही सोसायटीची परवानगी लागते. घर घेणाऱ्याला गुढीपाडव्याला ताबा हवा होता आणि तो शेड पाडणार होता. म्हणजे पाडव्याच्या आत एकोणीस सायकली कुणाच्या तरी हाती जायला हव्यात, नाहीतर भंगारवाला होताच. तो दोनदा येऊन बाहेरून अंदाज घेऊन गेलाही होता.

हिंदुरावनं सगळं मान्य केलं. इतक्या निमूटपणे, की मला संशय आला. तो खरा ठरला. त्यानं शेडच्या दारावर खडूनं अट लिहिली : 'सायकल चालवत न्यायची. टेम्पो चालणार नाही.'

"ही अट आहे की न जाण्याची सोय?" मी विचारलं.

"जायचं हाय की. पोरगी रडती फोनवर," तो म्हणाला. "पण भिंतीला टांगायला देणार न्हाय. ज्याला चालवता येती, त्यो चालवंल. ज्याला येत न्हाय, त्यो टांगंल. साधा हिशेब."

पहिलं गिऱ्हाईक एक परिचारिका होती, उचगावची. तिनं मिशनवाली लेडीज सायकल बघितली, सीट खाली करून मागितली आणि अंगणात एक गोल मारून थेट फाटकाबाहेर गेली. हिंदुराव हातातला पंप उंचावत तिच्यामागं पळाला, "ताई, ह्यो ऱ्हायला की!" इतका खूश मी त्याला त्या महिन्यात पुन्हा बघितला नाही. कारण नंतर आले वारसावाले. मोठ्या शहरातून आलेले, हातात पांढरे मोजे, सोबत फोटोग्राफर. पाच मिनिटांत सातदा 'वारसा' म्हणाले. हिंदुरावनं प्रत्येक सायकलीतला कोणता भाग मूळचा नाही, कोणता त्यानं स्वतः लेथवर काढला, हे न विचारता सांगितलं. तसतसे त्यांचे चेहरे पडत गेले. तरी एक आवडली. चालवा म्हटल्यावर गृहस्थ मोजे न काढता बसले आणि फाटकाजवळच्या गटारीपर्यंतच पोचले. हिंदुरावनं त्यांना हात देऊन उठवलं. "लागलं न्हाय न्हवं? पावणं, वारसा बुडाखालनं निसटला की तुमच्या."

पण लोकांना अट कळली, तशी पळवाटही कळली. इथं पायडल मारत निघायचं आणि कोपऱ्यावर टेम्पो उभा करायचा. हे हिंदुरावच्या डोक्यात आलं नसतं तरच नवल. मग सत्तरी ओलांडलेले आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून गिऱ्हाइकांचा पाठलाग करू लागलो. मी पुढे, तो मागे, माझ्या खांद्यावरून बघत. "हळू चालव, बघंल त्यो. आता जोरात... आरं सिग्नल सोड!" तलावाच्या बाजूला एकाला त्यानं सायकल टेम्पोत चढवताना पकडलं. तिथंच त्याचे पैसे त्याच्या खिशात परत कोंबले आणि स्वतः सायकलवर बसून घरी आला. मी स्कूटरवरून मागे. त्या दिवशी त्याला चक्कर आली नाही. मला आली.

असं करत अठरा गेल्या. दूध घालणारा, शाळेतला शिपाई, दोन कॉलेजची पोरं, एक निवृत्त हवालदार... सगळे चालवत गेले, आम्ही बघितलं. लेथ आणि व्हाइस कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्यानं नेली. त्याच्याकडून आधी एका वाकड्या चाकाचा आउट काढून ते सरळ करून घेतलं, मगच. राहिली ती काळी. फाळणीच्या आधीची, चेनवर कापडी आवरण असलेली, वजनानं म्हशीसारखी आणि चालीला लोण्यासारखी. पाडव्याला पाच दिवस होते. तिला गिऱ्हाईक म्हणून आले हायवेवरच्या एका हॉटेलचे मालक, तात्या. पांढरा कडक शर्ट, बोटांत चार अंगठ्या, देह ऐसपैस. ते म्हणाले, "माझा ड्रायव्हर चालवंल."

"पैसं कुणाचं?"

"माजं."

"मग बूड बी तुमचंच."

तात्या हसले, शर्ट सावरत बसले आणि गेले. चालवता येत होतं त्यांना. हिंदुरावला त्या दिवशी उभं राहवत नव्हतं. त्यानं मला एकट्याला मागं पाठवलं. पहिल्याच वळणावर पानटपरीच्या आड टेम्पो उभा होता. दोन माणसांनी काळी उचलून आत ठेवली. तात्यांनी मला बघितलं. हात जोडले. सुजाताचं सामानाचं बुकिंग झालेलं होतं, भंगारवाला सकाळीच पुन्हा येऊन गेला होता आणि सायकल परत आणली तर हिंदुराव हलणार नव्हता, हे मला माहीत होतं. मी स्कूटर वळवली.

"गेला चालवत?" त्यानं खाटेवरूनच विचारलं.

"गेला."

"कुठवर बघितलंस?"

"हायवेपर्यंत. चढावर उतरला, थोडं ढकलत गेला, घाम पुसला, परत बसला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग "बरं झालं" म्हणाला आणि भिंतीकडं वळला. पाडव्याच्या आदल्या दिवशी तो पुण्याला गेला. फोन व्हायचे. सातव्या मजल्यावरून रस्ता दिसतो पण ऐकू येत नाही, अशी तक्रार करायचा. काळ्या सायकलीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. मला वाटायचं, विसरला. एवढा हुशार माणूस माझ्या थापेला फसला, याचं कधीकधी वाईटही वाटायचं. अगदी खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा...

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी रिक्षा करून त्या हॉटेलवर गेलो. का, ते नीट सांगता येणार नाही. काळी दर्शनी भिंतीवर, डोक्याच्या वर, लोखंडी पट्ट्यांना आवळलेली होती. भोवती पिवळ्या बल्बांची माळ, खाली 'जुनं ते सोनं'. मी खाली मान घालून चहा मागवला. तात्यांनी मला ओळखलं आणि समोर येऊन बसले.

"दोस्त गेलं म्हणं तुमचं. लई वाईट झालं. यायचं की हितं."

"कोण यायचं?"

"हिंदुराव. सायकल आणली आणि तिसऱ्या दिवशी आले, रिक्षानं. मला वाटलं, आता पैसं तोंडावर मारत्यात. आधी शिव्या दिल्या. लई दिल्या. मी म्हटलं, चुकलं, न्या परत. तर म्हणाले, आता ठिऊ कुठं? मग गप चहा घेतला आणि म्हणाले, स्टूल आना. वर चढून पुसली, चेनला तेल घातलं, दोन्ही चाकांत हवा भरली. मी म्हटलं, टांगल्याली हाय, हवा कशाला? तर म्हणाले, टांगल्यालीला बी लागती."

"मला काही म्हणाला?"

तात्यांनी कप बाजूला सरकवला. "सांगू नका म्हणालते. पर आता काय... म्हणाले, आमच्या पोथीला कळू देऊ नका. त्यो म्हणतोय तुमी चढावर उतरून ढकलत गेलासा. त्या वाटंला चढ हाय कुठं? जल्मात एकदाच खोटं बोललंय बिचारं, त्येला जमलंय असं वाटू दे."

आयुष्यभर कादंबऱ्या देता-घेताना मला एवढं तरी कळायला हवं होतं, की थापेत तपशील जास्त झाला की ती उघडी पडते. आणि सायकल चालवणाऱ्याला रस्त्याचा चढ-उतार पायांना पाठ असतो, स्कूटरवाल्याला नसतो.

"मग मे महिन्यात परत आलते," तात्या म्हणाले. "पुण्यास्नं, येष्टीनं. हवा भरली आणि त्याच गाडीनं माघारी."

मे महिन्यात तो गावात आला होता, आणि मला भेटला नव्हता. हे मला थापेहून जास्त लागलं. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता आणि मी तिथंच बसून त्याच्या न भेटण्याचा अर्थ लावत होतो. भेटला असता तर मी विचारलंच असतं, का आलास म्हणून. त्याला काहीतरी सांगावं लागलं असतं आणि त्याचे कान लाल झाले असते.

मी स्टूल मागितलं. तात्यांनी ते स्वतः धरून ठेवलं. पुढचा टायर अंगठ्यानं दाबला. तो पार बसला होता, रबर रिमवर लोळत होतं. मागचा दाबला. अंगठा आत गेला नाही. मे महिन्यात त्यानं भरलेली हवा अजून टिकून होती.

"भरायची काय हवा?" तात्यांनी खालून विचारलं. "पंप हाय, त्येंनीच ठेवलाय."

"पुढच्यात भरा," मी म्हणालो. "मागच्याला हात लावू नका."