लाखातल्या उरलेल्या वाती

आधीच सांगून टाकते, त्या दिवसांत मी देवावर चिडले होते. महादेवापुढे लाख फुलवाती लावायचा माझा संकल्प होता. काही वर्षं रोज दुपारी कापूस घेऊन बसायचे. वातींवर वाती वळायच्या, डोळे टीव्हीवर आणि तोंड सुनेवर. तिने एकदा आमच्या या कानडी शहरातल्या जयनगरच्या बाजारातून तयार वातींचं पाकीट आणलं, तर मी तिला असं फैलावर घेतलं की बिचारीने पुन्हा नाव काढलं नाही. वाती माझ्याच हातच्या हव्यात, हा हट्ट. आणि शेवटच्या थोड्याच उरल्या असताना हातांनीच दगा दिला. कापूस बोटांत आहे की नाही तेच कळेना, ब्लाउजचं हूक लागेना.

एमआरआयमध्ये मानेत, मज्जारज्जूच्या आतच गाठ निघाली. "अम्मा, अशी गाठ आम्हालाही क्वचितच दिसते," सर्जन म्हणाले. "काढल्यावर हात आधी जास्त बधिर होतील. पुढे किती सुधारतील, हमी देत नाही. नाही काढली तर हातपाय दोन्ही जातील." त्यांनी काही लपवलं नाही, हे मला आवडलं. सहीला पेन धरवेना, म्हणून अंगठा उठवला. घरी देव्हाऱ्यापुढे उभी राहून विचारलं, "तुझ्याच कामाचे हात होते ना रे?"

ऑपरेशनला अख्खा दिवस गेला. गाठ पूर्ण निघाली आणि कॅन्सरही नव्हता. पण शुद्धीवर आले, तर पांघरुणाखाली माझे हात कुठे आहेत तेच मला समजेना. आधी सांगितलेलं असूनही मी ढसाढसा रडले.

शेजारच्या खाटेवरच्या बाईजवळ तिची बहीण बसायची, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या के. आर. पुरमची. आम्ही दोघी एकमेकींना अक्का म्हणायचो. माझ्या पिशवीतला कापूस बघून तिने विचारलं, मी संकल्पाचं सांगितलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून ती वाती वळायला बसली. अगं बाई, काय त्या वाती! जाडजूड, शेंडा एकीकडे नि बूड एकीकडे. पूर्वीची मी असते तर टाकूनच दिल्या असत्या. मग तिने कापूस माझ्या बोटांत ठेवला आणि कानडीत म्हणाली, "स्वल्प स्वल्प, अक्का. हाताला कळत नाही ना? मग डोळ्यांनी बघून करा." दोन दिवसांनी व्यायाम शिकवायला आलेल्या फिजिओथेरपिस्टने अगदी हेच सांगितलं. मी अक्काला विचारलं, तुला कुणी शिकवलं? हसून तिने पुढचा कापूस माझ्या बोटांत ठेवला. बहिणीला घरी सोडलं तशी तीही गेली, वातींची पिशवी माझ्या उशाशी ठेवून. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता मी चालते, भाजी चिरते. परवाच्या तपासणीतही गाठ नाही. डाव्या हाताची दोन बोटं मात्र बधिरच राहिली, ती तशीच राहतील म्हणतात. उरलेल्या वातींसाठी मी सुनेला आपणहून हाक मारली. "माझ्या चालतील?" तिने घाबरतच विचारलं. मला फार लाज वाटली. तिच्या, अक्काच्या आणि माझ्या वाती एकत्र करून संकल्प पुरा झाला.

अजूनही रोज पाच वाती वळते. नजर हलली की कापूस सुटतो, म्हणून टीव्ही बंद असतो, तोंडही. आधीच्या हजारो वातींपैकी एकाही वातीकडे मी पाहिलं नव्हतं. या पाचही मी पाहते.