चित्रातले आकडे
जुन्या हेडफोनचा कुबट वास आला की दर्यापुरातला माझा सायबर कॅफे आठवतो. कापसाचे भाव पडलेल्या त्या वर्षांत तालुक्यातली पोरं तिथे नोकरीचे अर्ज भरायला येत. एकदा इथल्याच एका मुसलमान शिंप्याची जन्मांध मुलगी आईचा हात धरून आली. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिनं सोबत आणलं होतं. मी ते बसवून दिलं आणि तिनं कानांनी ऐकत शिक्षकाच्या जागेचा अख्खा अर्ज एकटीनं भरला. शेवटी मात्र चित्रातले आकडे टाइप करायचे होते आणि चित्र काही बोलत नव्हतं. "सांगा आता तुमी," ती चिडून म्हणाली, "पन हे बराबर नाई." मी सांगितलेले आकडे टाकून तिनं अर्ज पाठवला आणि लगेच शिक्षण खात्याला तक्रार लिहायला बसली. उत्तर आलं नाही, नोकरीही मिळाली नाही. ती दर महिन्याला येऊन तीच तक्रार पुन्हा पाठवत राहिली. पुढच्या वर्षी अर्ज निघाले, तेव्हा चित्राशेजारी आकडे ऐकायचं बटण होतं. मी आकडे सांगायला खुर्ची ओढून बसलो होतो. ती हसून म्हणाली, "उठा भाऊ, दुसऱ्या गिऱ्हाइकाले पाहा." ते बटण तिच्याच तक्रारींमुळे आलं का, हे मला कुणी सांगितलं नाही, मी मात्र आजही तसंच मानतो.