पाणी चावते

चीनच्या लढाईनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या इंजिनियर्स कंपनीची एक डिटॅचमेंट मुकुटबनच्या पुढे एका मोठ्या नाल्यावर पाठवली गेली. आधीच्या पावसाळ्यात तिथला पूल वाहून गेला होता. पलीकडच्या कोलाम पोडांचा, म्हणजे वस्त्यांचा, रस्ता चार महिने तुटला होता. ऑर्डर साधी होती. पावसाच्या आधी मधल्या खांबाची विहीर खडकापर्यंत उतरवायची आणि खांब पाण्याच्या वर आणायचा.

डिटॅचमेंटमध्ये अकरा जवान होते. वर एक सुभेदारसाहेब. मी लान्स नाईक, इलेक्ट्रिशियन. माझ्याबरोबर सॅपर, म्हणजे साधा जवान, इस्माईल. मी बाभुळगावचा, तो यवतमाळचा. त्याचे वडील जिनिंगची यंत्रे दुरुस्त करायचे. अकरा जणांत यवतमाळ जिल्ह्याचे आम्ही दोघेच.

पुलाच्या खांबासाठी जी विहीर उतरवतात ती पाण्याची विहीर नव्हे. काँक्रीटचा पोकळ गोल असतो. माणसे आत उतरून तळची माती काढतात, तसा तो आपल्या वजनाने खाली बसत जातो. आमची विहीर बावीस फूट गेली होती. तळाला कायम घोटाभर पाणी. भर मे महिन्यात, दुपारी बाराला, ऊन दहा मिनिटे तळाशी पोचायचे आणि निघून जायचे. बाकी वेळ आत अंधार. वरून बोललेला शब्द खाली दुसऱ्याच आवाजात ऐकू यायचा.

अशा ओल्या जागी हातदिवा चोवीस व्होल्टचा वापरायचा, हा नियम. जनरेटर दोनशे तीस व्होल्टचा. मध्ये ट्रान्सफॉर्मर. चोवीस व्होल्टची उघडी तार ओल्या हाताला लागली तरी माणूस वाचतो. हे मी ट्रेनिंगमध्ये पाठ केले होते.

तिसऱ्या आठवड्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. सुभेदारसाहेबांनी मला वायरलेसवर बसवले.

"ट्रान्सफॉर्मर की क्या पोझिशन? ओव्हर."

"इंडेंट फॉरवर्डेड. वेट. आउट."

म्हणजे मागणी पुढे गेली, थांबा. "काम रुकेगा नहीं," सुभेदारसाहेब म्हणाले. "दो-चार दिन डायरेक्ट चला लो."

मी "जी साब" म्हणालो. विहिरीतला दिवा मी माझ्या हाताने दोनशे तीसवर जोडला. लोखंडी शिडीला केबल बांधली. वर जनरेटरपाशी बटण आणि दोन पिनांचा प्लग.

आता अनवाणी पायांबद्दल. विहीर बसवायच्या दिवशी मजुरांनी तिच्या लोखंडी कडेला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. तेव्हापासून आत चप्पल घालून कोणी उतरत नसे. सरकारी गमबूट सहा जोड आले होते, ते खोक्यातच राहिले. फक्त मी घालायचो. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या घरातले देव गेले आणि पत्रके आली. त्या पत्रकांवर मी अक्षरे शिकलो. नारळ फोडला म्हणून भोक पवित्र होते, हे मला मान्य नव्हते. मी बूट घालून, मुद्दाम पाय आपटत शिडी उतरायचो.

इस्माईल मात्र शिडीपाशी बूट काढून ठेवायचा.

"तू कायले काढतं?" मी विचारले.

"त्यायची जागा हाये अबे. मशिदीत नाही काढत काय आपण?"

"मशीद आहे काय ते?"

"तुह्यासाठी कोणतीच जागा मशीद नाही," तो हसला. "भाषणं देनं तं तुले जमते, श्रावण. जोडे काढनं तेवढं जमत नाही."

मजुरांच्या टोळीची मुकादम सोमबाई. कोलाम, पन्नाशीची, आवाज खणखणीत. एका सकाळी ती शिडीवरून वर आली आणि थेट माझ्यापुढे उभी राहिली.

"शिपाईदादा, पाणी चावून राह्यलं."

"म्हणजे?"

"दिवा इझला का शिडीले हात लावाव तं पायाले चावते. दिवा पेटला का सोडून देते."

"रोज?"

"परवा चावलं. काल नाही चावलं. आज चावलं."

"भुताला सुट्टी असते वाटते," मी म्हणालो. जवान हसले.

सोमबाई हसली नाही. तिने माझ्या पायांकडे पाहिले. "तुह्या पायात रबर हाये. तुले कायले चावन ते?"

मी तिला दहा मिनिटे व्याख्यान दिले. भूत नसते, भीती असते, भीतीवर पोट भरणारे असतात. ती सगळे ऐकून घमेले उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी टोळीतले चार जण कामावर आले नाहीत. विहिरीच्या कडेवर लिंबू दिसले. मी ते लाथेने नाल्यात उडवले.

एक वाजता शिट्टी व्हायची. शिट्टीबरोबर मी बटण बंद करायचो. शेवटचे दोघे-तिघे तेव्हा अजून पाण्यातच असायचे. त्या आठवड्यात एकदा बटण बंद केल्यावर मी सहज आत डोकावलो. तळाच्या अंधारात लाल रेघ दिसली. दिव्याच्या आतली तार होती. उजेड पडत नव्हता, नुसती लाल होती. मी बटण पाहिले. बंद. पुन्हा आत पाहिले. रेघ तशीच होती, आणि ती आपल्याकडे बघते आहे असे वाटत होते. मी स्वतःला समजावले, तार गरम आहे, निवते आहे. जेवायला गेलो. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. माझ्यासारख्याने काय सांगायचे?

त्याच संध्याकाळी इस्माईल म्हणाला, "खरंच चावते बे. मलेही चावलं आज."

"तूही?"

"हसू नको. उद्या बटण बंद झालं का मी केबल पाहतो. लोकं भेऊन राह्यले."

दुसऱ्या दिवशी, एक वाजून दहा मिनिटे. सगळे वर आले होते. इस्माईलने शिडीपाशी बूट काढून टाचेला टाच लावून ठेवले.

"बटण बंद हाये नं?"

"बंद."

"पक्कं?"

"पक्कं."

तो उतरला. मी जनरेटरपाशी उभा होतो. कडेशी जाऊन डोकावलो तर विहिरीत लाल रेघ होतीच; निवते आहे, असेच मी पुन्हा धरले. खाली तो शिडीला केबल बांधलेली दोरी सोडत असल्याचा आवाज येत होता. मग रेघ विझली. मला वाटले, झाले काम.

आवाज थांबला.

"इस्माईल?"

माझाच शब्द खालून दुसऱ्या आवाजात परत आला. सोमबाई कडेवर वाकून पाहत होती. ती हळू म्हणाली, "दादा, तो उभा हाये. पण हालत नाही."

मी पहिल्यांदा बटण पाहिले. बंदच होते. बटण पाहण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा गेला. मग मी प्लग उपटला. खाली पाण्यात काहीतरी जड पडले.

आम्ही त्याला दोरीने वर काढले. एक पंचवीसपर्यंत छाती दाबत राहिलो, मग दोन वाजेपर्यंत. मी वायरलेसवर बसलो.

"वन कॅज्युअल्टी. सॅपर इस्माईल. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

"फेटल," मी म्हणालो. "आउट."

संध्याकाळी मी सगळी जोडणी उलगडली. घमेल्यांच्या घासण्याने एका ठिकाणी केबलचे रबर गेले होते आणि उघडे तांबे शिडीला कधी टेकत होते, कधी नाही. दोन पिनांचा प्लग उलटा-सुलटा कसाही बसतो. पहिल्या दिवशी मीच तो उलटा खोचला होता, आणि तो तसाच राहिला. सुलटा असता तर बटणाने वीज तोडली असती. उलटा असल्याने बटण परतीची तार तोडायचे आणि वीज दिव्यातून त्या उघड्या तांब्यापर्यंत येऊन थांबायची. ज्या दिवशी तांबे शिडीला टेके त्या दिवशी चावायचे, केबल सरकली की नाही. म्हणून दिवा विझल्यावरच चावायचे. ती लाल रेघ म्हणजे शिडीतून पाण्यात गळणारी वीज होती; इस्माईलने तांबे शिडीवरून उचलून हातात धरले तेव्हा ती विझली. फ्यूज उडाला नाही. माणूस मरायला पुरते तेवढी वीज फ्यूजला कळतही नाही.

सोमबाईने मला दिवस सांगितले होते, वेळ सांगितली होती, शिडी आणि पाणी सांगितले होते. माझे मीटर खोक्यातून बाहेर काढायला एवढे पुरेसे होते. तिने भूत हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. तो मी आणला. माझ्या पत्रकांनी मला प्रश्न विचारायला शिकवले होते. मी अनवाणी माणसांना एकही प्रश्न विचारला नाही, नुसती उत्तरे दिली. चौकशीत मी हे जसेच्या तसे सांगितले. सुभेदारसाहेबांनीही आपली ऑर्डर लपवली नाही.

ट्रान्सफॉर्मर चौथ्या दिवशी ट्रकने आला. मी चोवीस व्होल्टची जोडणी केली, शिडीवरून केबल काढून वेगळ्या बांबूवर नेली, मीटरने दोनदा तपासले. टोळी वर उभी होती. कोणी उतरेना.

मी गमबूट काढले. इस्माईलचे बूट चार दिवस तिथेच होते, कोणी हलवले नव्हते. त्यांच्या शेजारी माझे ठेवले. उतरलो. पाणी गार होते. शिडीला हात लावून, वरून दिवा पेटवायला, मग विझवायला सांगून, मी त्या अंधारात उभा राहिलो.

वरून सोमबाईचा आवाज आला. "चावते काय, दादा?"

"नाही."

"पक्कं?"

मी शिडी पुन्हा एकदा धरून पाहिली. मग म्हणालो, "तुम्ही खाली या. तुम्ही सांगा."

ती उतरली. पाण्यात उभी राहिली, दोन्ही हातांनी शिडी धरली. मग वर तोंड करून तिने टोळीला हाक मारली.

खांब पावसाच्या अकरा दिवस आधी पाण्याच्या वर आला. पूल आजही आहे. त्यावर कोणाचे नाव नाही. मधल्या खांबाच्या विहिरीत, कामावर असताना, सॅपर इस्माईल गेला. यवतमाळचा. वय तेवीस. दुसऱ्यांच्या जागेत शिरताना तो जोडे काढायचा.