कट झालेला फोन

उरवड्याच्या एका कारखान्यात, गुरुवारच्या सुट्टीला, पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे उकिडवी बसून मी तिसऱ्यांदा मरायची तयारी करत होते. वय अठ्ठावन्न, गुडघे केव्हाच कामातून गेलेले. इमर्जन्सीचे फोन घेणाऱ्या मुलींना शिकवणं हे माझं काम. आजचा सराव असा: बंदूकवाला आत शिरलाय, कामगार लपलेत, त्यातली एक मी. मी कुजबुजत फोन करायचा आणि मध्येच कट करायचा. पलीकडे कँटीनमध्ये हेडफोन लावून बसलेलीनं पुढं काय करायचं, त्याची ही परीक्षा.

बाकीच्या चौघी सकाळीच पास होऊन चहा पीत बसल्या होत्या. ही एकच राहिलेली, इथल्याच वस्तीवरची सून, दोनदा नापास. आता चुकली तर सोमवारी खऱ्या फोनवर बसणार नव्हती, आणि तो शेरा मलाच लिहायचा होता. पोरगी हुशार हो! घाबरलेल्या माणसाकडून पत्ता असा काढते की विचारू नका. कंपनीचं नाव आठवेना? मग ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं, कुणाच्या चाळीला लागून? पण फोन कट झाला की लगेच परत लावायची. खोक्यांमागे माझा मोबाइल ठणाणा वाजायचा आणि बंदूकवाला झालेला आमचा शिपाई जांभई देत म्हणायचा, "मॅडम, सापडलात."

दुसऱ्या वेळी मी भडकलेच. "अगं बाई, लपलेल्या माणसाचा फोन वाजवतेस?"

"तुमीच शिकवलंय न्हवं? कट झाला की परत लावायचा. अपघात, आग, बाळंतपण, समद्याला त्योच नियम हाय."

खरंच होतं. तो नियम महिनाभर मीच घोकून घेतला होता आणि आता एका दुपारीत तो विसरायला सांगत होते. वर पत्रा तापलेला. मला तिचा कंटाळा आला होता, माझाही आला होता.

"आन् आतल्या बाईला वाटलं, आमी तिला सोडून दिलं, तर?" ती म्हणाली.

मग मी तिला बाजूला घेतलं आणि घरीसुद्धा कधी बोलले नव्हते ते सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईचा फोन आला होता. जमिनीच्या भांडणातून कुणीतरी पिस्तूल घेऊन घरात घुसलेला, ती मोरीत लपलेली. फोन कट झाला. मी नियमाप्रमाणे परत लावला. चार रिंग झाल्या, आणि उचलला तो पुरुषानं.

"आन् ती?"

"गेली. माझ्या फोनमुळंच का, ते कुणी विचारलं नाही. नियम पाळला म्हणून साहेबांनी पाठ थोपटली."

ती कँटीनमध्ये परत गेली. हेडफोन लावून बसली.

मी पुन्हा खोक्यांमागे गेले. "जिन्यावर आहे तो," एवढं कुजबुजले आणि कट केला. मोबाइल हातात धरून बसले. शिपायाचे बूट जवळ आले, थांबले. सगळं खोटं, तरी मी आणखी खाली वाकले. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाच वाटलं, वाजावा. कुणीतरी विचारावं, आहेस का गं म्हणून. बूट पुढं निघून गेले. फोन वाजला नाही.

गुडघे चोळत कँटीनमध्ये आले. तिनं सगळं नीट केलं होतं: पोलिसांना जिना कळवला, मागचं दार कळवलं, सायरन बंद ठेवून या म्हणून सांगितलं. आता खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून. घामानं केस कपाळाला चिकटलेले.

"झालं गं. काढ हात," मी म्हटलं.

तिनं काढले नाहीत. "मॅडम," ती म्हणाली, "तुमी आत हुता, आन् मी हितं नुसती बसले."

मी पास लिहिलं आणि तिच्या शेजारी बसले.