वशिंडाचे सिंह

आमच्या घरचा धंदा पोळ्याच्या मातीच्या बैलांचा. बैल आमचे हे घडवतात, डोळे मी रंगवते. गावातल्या नव्या पुलावर नगरपालिकेचं चिन्ह घडवायचं काम ह्यांना मिळालं, तेव्हा मी अख्ख्या आळीला चहा पाजला. मधोमध ढाल, तिच्यावर कापसाचं बोंड नि ज्वारीचं कणीस, आणि ढालीला टेकून दोन बाजूंना बसलेले दोन सिंह.

सिमेंटचे सिंह कठड्यावर बसले आणि मला घाम फुटला. आयाळीमागे दोघांनाही वशिंड! बैलासारखं, भरदार. सिंह ह्यांनी पाहिलेला तो चित्रातल्या देवीच्या पायाशी. हाताला सवय बैलाची. मान झाली की हात वशिंडाकडे वळणारच.

"काऊन हो, हे काय करून ठेवलं?"

"बिना वशिंडाचं जनावर मले उघडं वाटते," म्हणाले.

गावभर हसू झालं. नगराध्यक्षांनी कपाळाला हात लावला. पोळा झाला की वशिंडं छन्नीने उडवायची, असं ठरलं. छन्नी लागली तर सिंहच तडकणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. ह्यांनी पुलाची वाटच सोडली. बाजाराला नदीत उतरून जायचे. पहिलं मोठं काम आणि त्याचीच अशी शोभा! मला रागही यायचा नि हसूही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्याला जेवायचं आमंत्रण देतात. त्या संध्याकाळी मी पुलावर मातीचे बैल विकत बसले होते. नदीवर आपल्या जोडीचे खांदे चोळून एक म्हातारी परतत होती. वाटीत हळद उरलेली. सिंहांपाशी थांबली, पदर खोचला आणि दोन्ही वशिंडं पिवळीधमक करून टाकली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ती सिंहांना म्हणाली.

मागचे लोक खदखदून हसले. मग एकेक जण आपली वाटी घेऊन पुढे झाला.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना ओढतच पुलावर नेलं. नगराध्यक्ष स्वतःची बैलजोडी घेऊन उभे होते.

"साहेब, छन्नीवाल्याले कवा पाठवता?" ह्यांनी खाली मान घालून विचारलं.

नगराध्यक्षांनी पिवळ्या सिंहांकडे पाहिलं.

"आवतन देऊन जेवाले बलावलेल्याले छन्नी लावतेत काय, गड्या? राहू दे जसे हायेत तसे. निवद आन."

मी घरी पळत जाऊन पुरणपोळ्या आणल्या. ह्यांनी आपल्या हातांनी त्या सिंहांच्या तोंडाशी धरल्या आणि भर पुलावर, बैलांच्या गर्दीत, ढसाढसा रडले. मी त्यांना गप्प केलं नाही. मला इतका आनंद आधी कधी झाला नव्हता.